कॅप्टन यूस्तचा डावा हात

"हार्मेन, इकडे ये जरा. तुझा कॅप्टन शत्रूला मिळालाय."

हार्मेन भट्टीकडे पाठ करून उभ्याउभ्या कॉफी पीत होता. सुटकेच्या दिवसाची सकाळ, बिस्किटं सगळी भाजून झालेली, अंगात पिठाशिवाय काही उरलेलं नाही. अशा वेळी बायकोला थट्टा सुचत असेल तर सुचू दे, म्हणून त्याने मानसुद्धा वळवली नाही. पण तोस थट्टा करणाऱ्यातली बाई नव्हती. ती टेबलाशी बसून बिस्किटांची पाकिटं भरत होती. एका पाकिटात एक कॅप्टन यूस्त, एक डॉन गास्पार, वर नारिंगी फीत.

"अरे ये म्हणते ना! दोघंही डावे आहेत."

हार्मेन कप ठेवून टेबलाशी आला.

ओस्टरवेअर गावात मसाल्याच्या बिस्किटावर कुणी हसत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी, स्पेनच्या राजाच्या जोखडातून सुटण्यासाठी सगळा मुलूख लढत होता, तेव्हा या गावाला डॉन गास्पारने वेढा घातला आणि कॅप्टन यूस्तने तो परतवला. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी ऑक्टोबरात अख्खं गाव चौकात जमतं आणि चर्चची घंटा वाजली की डॉनचं मुंडकं दातांनी तोडतं. कॅप्टनला मात्र कुणी दात लावत नाही. त्याला घरी नेऊन खिडकीत उभा करायचा, तो पुढच्या वर्षापर्यंत. कॅप्टनला खाणं म्हणजे स्वतःच्या आजोबांना खाण्यासारखं. मागे एकदा पोस्टमनच्या कुत्र्याने एक कॅप्टन खाल्ला, तर त्या घराशी लोक ईस्टरपर्यंत तुटक वागत होते.

आता या दोन शूरवीरांना ओळखायचं कसं? सोपं आहे. दोघांची टोपी सारखी, दाढी सारखी, पोट सारखं, एवढंच काय, गालावरचा उंचवटाही सारखा. वर्षानुवर्षं पीठ दाबून दाबून साचे असे गुळगुळीत झालेले की नाक आहे म्हणून माणूस म्हणायचं. फरक एकच. कॅप्टनची तलवार उजव्या हातात, डॉनची डाव्या. पोरं सकाळपासून गल्लीत ओरडत फिरतात, "उजवा ठेवा, डावा चावा!" बोबडी पोरंही यात चुकत नाहीत.

हार्मेनने टेबलावरचा कॅप्टन उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. मग लाटणं हातात घेऊन तो हात धुण्याच्या मोरीवरच्या आरशासमोर उभा राहिला. एकदा या हातात लाटणं, एकदा त्या हातात.

"काय करतोयस?"

"त्याचा डावा म्हणजे माझा कुठला, ते बघतोय."

"त्याचा डावा म्हणजे त्याचा डावा! डॉनशेजारी ठेव ना, आंधळ्यालाही कळेल."

हार्मेनने ठेवला. दोघं जुळे भाऊ एकाच मिरवणुकीत निघाल्यासारखे दिसत होते. त्याने दुसरा कॅप्टन काढला, तिसरा काढला, मग खोक्यात हात घालून तळापासून उपसले. सगळे डावखुरे. ओस्टरवेअरच्या बाजूने लढायला एक माणूस शिल्लक नव्हता.

"तुझा भाऊ!" हार्मेन ओरडला.

"माझ्या भावाला मध्ये आणू नकोस."

"मी कुठे आणतोय? तोच सुरुवातीपासून मध्ये आहे!"

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी कॅप्टनच्या जुन्या साच्याला तडा गेला आणि निम्म्या गावाला बिननाकाचा कॅप्टन मिळाला. वेढा समितीचे अध्यक्ष एव्हर्त मास्तर स्वतः दुकानात आले, टोपी न काढता. "हार्मेन," ते म्हणाले, "तू शाळेतही कामात कच्चा होतास. पुन्हा एक चूक, की बिस्किटाचा मान तुझ्या दुकानाकडून जाईल. त्या नव्या सुपरमार्केटवाल्यांनी विचारलंच आहे. त्यांच्या कारखान्यात यंत्रावर नाकं पडतात, आणि सगळी जागच्या जागी." हार्मेनच्या दुकानात एरवी कोण येत होतं? म्हातारी माणसं, आणि तीही मऊ पाव मागायला. सुटकेच्या दिवसाचा मान होता म्हणून दुकानाला नाव होतं. तो गेला की भट्टी विझवायची आणि त्याच सुपरमार्केटात ट्रॉल्या ढकलायला उभं राहायचं, हे हार्मेनला स्वच्छ दिसत होतं.

नवा साचा करायला साचे कोरणारा कारागीर शोधावा, असं हार्मेनचं मत. तोसचं मत, घरात सुतार असताना बाहेर कशाला? घरातला सुतार म्हणजे तिचा भाऊ क्राइन. याने त्यांच्या स्वयंपाकघरात बसवलेलं कपाट भिंतीच्या बाजूला उघडतं, आणि मीठ काढायचं तर हात मनगटात मोडून आत घालावा लागतो. पण फुकट. क्राइनने तडकलेला साचा बघितला, म्हणाला, यात काही नीट दिसत नाही, त्यापेक्षा एक चांगलं बिस्किट द्या. आणि समोर बिस्किट ठेवून त्याने ते लाकडात जसंच्या तसं, केसाचाही फरक न करता कोरलं. साचा आला शेवटच्या घटकेला. डॉन आधीच भाजून खोक्यांत गेले होते. हार्मेनने घाईघाईने नवा साचा बघितला आणि त्याला भरूनच आलं. अगदी कॅप्टनसारखा दिसत होता!

तिथेच सगळी गोम होती. साचा कॅप्टनसारखा दिसता कामा नये. साचा उलटा हवा, तेव्हा बिस्किट सुलटं पडतं. जन्मभर हेच काम केलेल्या हार्मेनला हे कळायला हवं होतं, पण आनंदाच्या भरात माणसाला काय कळतं!

क्राइन आला तो नारिंगी गळपट्टा बांधून, सणाला निघाल्यासारखा.

"काय भावोजी, कसा आलाय आपला कॅप्टन?"

"डावा आलाय."

क्राइनने बिस्किट उलटसुलट करून पाहिलं. "पण हुबेहूब आलाय की नाही? गालावरचा फोड बघा. तोसुद्धा सोडला नाही मी."

"अरे गाढवा, साचा उलटा कोरायचा असतो!"

"मग तसं सांगायचं. तुम्ही म्हणालात, असाच्या असा कर."

हार्मेनने लगेच क्राइनच्या कपाटाचा विषय काढला. तोसने दोघांनाही गप्प केलं. "भांडण उद्या. आज तलवारी बदला."

तिने सुरी घेतली, एका कॅप्टनची तलवार डाव्या हातातून अलगद कापली आणि साखरेच्या पाकाने उजव्या बाजूला चिकटवली. कल्पना उत्तम होती. पण कॅप्टनचा उजवा हात कमरेवर, त्यामुळे तलवार थेट मांडीतून उगवल्यासारखी दिसायला लागली. लहान पोरांसमोर धरता येईल असं ते दृश्य नव्हतं. तोसने ती काढून वर सरकवली, तर तलवार कानात गेली. तिसऱ्या खेपेला पाकाने दगा दिला आणि ती गळून पडली. खाली उरला तो नुसता एक हात वर केलेला कॅप्टन, वर्गात लघवीची परवानगी मागणाऱ्या पोरासारखा.

"हा कोणाला अडवणार?" हार्मेन म्हणाला. "वेढा बाजूलाच राहिला, याला आधी मोकळं होऊन येऊ दे."

क्राइन हसला. तोसने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू नारिंगी गळपट्ट्यात शिरलं. तेवढ्यात बाहेर ढोल वाजले आणि समितीची माणसं हातगाडी घेऊन दारात उभी राहिली.

"अजून गरम आहेत!" हार्मेन दारात आडवा झाला.

"मग काय, हातमोजे आहेत आमच्याकडे." त्यांनी त्याला बाजूला करून खोकी उचलली. पाकिटात न भरलेलीही उचलली, फितीही नेल्या. हार्मेन रिकाम्या टेबलाकडे बघत राहिला.

"चल आता," तोस कोट चढवत म्हणाली. "आणि चेहरा नीट कर. कोण बघतंय बिस्किटाकडे? चावताना लोक डोळे मिटतात."

चौक माणसांनी फुलला होता. हेरिंग मासळीच्या गाडीवर रांग, मोठाल्या पातेल्यांतून गाजर-बटाट्याची खिमट रटरटत होती, आणि व्यासपीठावर एव्हर्त मास्तर काळ्या कोटात उभे होते. त्यांच्या शेजारी नव्या नगराध्यक्षा फेम्केबाई, सरकारने वरून नेमलेल्या, गावात येऊन जेमतेम उन्हाळा झालेला. त्यांच्या दोन हातांत दोन बिस्किटं दिलेली होती. हार्मेन तोसला आणि क्राइनला घेऊन मुद्दाम मागे, दिव्याच्या खांबाआड उभा राहिला.

मास्तरांचं भाषण सुरू झालं. विषय ठरलेला, दोन सेनापतींची तुलना. गावाला ते पाठ होतं, तरी ऐकायला सगळ्यांना आवडायचं, कारण त्यात आपण जिंकतो.

"कॅप्टन यूस्त!" मास्तर गरजले. "नगराध्यक्षाबाईंच्या हातात बघा. ही मिशी! स्वाभिमानाने वर गेलेली मिशी. आणि तो दुसरा, डॉन गास्पार. त्याचीही मिशी वर आहे, पण कशाने? गर्वाने! कॅप्टन भुकेल्या गावाबरोबर उंदीर खायचा, याला म्हणतात त्याग. डॉनही शेवटी शेवटी उंदरावर आला होता. त्याला म्हणतात अधाशीपणा! कॅप्टन दोनदा मागे हटला, ती युक्ती. डॉन एकदाच मागे हटला, पण तो पळपुटेपणा! कॅप्टनच्या गालावर बघा, गोळी चाटून गेल्याची शौर्याची खूण. डॉनच्या गालावर काय आहे? चामखीळ! आतलं पाप असं वर येतं, मित्रहो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हार्मेनला वाटलं, तोसचंच खरं. निभावलं बहुतेक.

"मास्तर," फेम्केबाईंनी माइकजवळ तोंड नेऊन विचारलं, "यातला चावायचा कुठला?"

"डावा," मास्तर न बघताच म्हणाले.

"दोन्ही डावे आहेत."

"बाई, आपण नवीन आहात. कॅप्टनचा उजवा हात म्हणजे आपल्या—"

"मला कळतं हो. दोघांची तलवार डाव्या हातात आहे. दोघं एकच आहेत की हे! तुम्ही आत्ता कोणाबद्दल बोलत होता?"

हे सगळं माइकवर गेलं. हेरिंगवालासुद्धा कापायचा थांबला. मग पाकिटं उघडल्याचा चुरचुर आवाज चौकभर पसरला, आणि त्यामागून एकच गिल्ला.

"माझ्यात दोन डॉन!"

"माझ्यातही!"

"कॅप्टन कुठाय? आमचा कॅप्टन कुठाय?"

"अहो, मी आधीच चावला एक! कोण होता तो?"

"कोण होता म्हणजे? थुंका! आधी थुंका!"

एका आजीबाईंनी पोराच्या तोंडात बोट घालून मुंडकं बाहेर काढलं आणि पुसून रुमालात ठेवलं, कॅप्टनचं निघालं तर असू दे म्हणून. नगर बँडमधल्या दोघांची जुंपली, कारण एकाने दुसऱ्याला फितूर म्हटलं होतं. आणि मग मास्तरांचा आवाज आला, थंड आणि सावकाश.

"हार्मेन. वर ये. साचे घेऊन ये."

खांब हार्मेनला लपवण्याएवढा रुंद नव्हताच. क्राइन पळत जाऊन तिन्ही साचे घेऊन आला: तडकलेला जुना कॅप्टन, जुना डॉन आणि स्वतःचा नवा कॅप्टन. शेवटचा त्याने सगळ्यात वर धरला होता, कौतुकाने. हार्मेन व्यासपीठावर चढला. आयुष्यभराचं दुकान, बापाची भट्टी, सगळं त्या टेबलावर मांडून ठेवल्यासारखं त्याला झालं.

"लोकहो," मास्तर म्हणाले, "बेफिकिरी कशी असते ती मी आता तुम्हाला दाखवतो." त्यांनी खिशातून भिंग काढलं. आधी नव्या साच्यावर धरलं. "हा बघा, बिस्किट बघून कोरलाय, मठ्ठासारखा! ओरखड्यासह, फोडासह." मग तुलनेसाठी त्यांनी जुना कॅप्टन घेतला. गालापाशी लाकडातली गाठ निखळून पडलेली होती, तिथे खड्डा होता. खड्ड्यात पीठ जायचं आणि बिस्किटाच्या गालावर उंचवटा उठायचा.

"गोळीची खूण," मास्तर पुटपुटले आणि खाकरले.

मग त्यांनी जुना डॉन घेतला. भिंग गालावर गेलं आणि तिथेच राहिलं. इथे गाठ नव्हती. लाकूड सरळ, स्वच्छ होतं आणि त्यात कुणीतरी पटाशीने, जीव ओतून, एक गोल खड्डा कोरला होता. मास्तरांनी नवा साचा शेजारी ठेवला. तोच खड्डा. तीच टोपी, तेच पोट, तोच कमरेवरचा हात. भिंग डॉनवरून नव्या कॅप्टनवर, तिथून परत डॉनवर, असं फिरत राहिलं. मास्तरांचा चेहरा हळूहळू पिठासारखा झाला.

हार्मेनही वाकून बघत होता. त्याला एरवी सगळं उशिरा कळायचं, पण आज सकाळपासून तो याच प्रकरणात होता. डॉन गास्पार नावाचा साचा कधी नव्हताच. मागे कधीतरी, कुणीतरी, कॅप्टनचं बिस्किट समोर ठेवून दुसरा कॅप्टन कोरायला बसला होता आणि उलटा करायला विसरला होता. तो डावखुरा निघाला. टाकून कशाला द्यायचा, म्हणून त्याला शत्रू केला. तेव्हापासून ओस्टरवेअर दरवर्षी भर चौकात, ढोल वाजवून, आपल्याच कॅप्टनचं मुंडकं तोडत होतं.

मास्तरांनी माइकवर हात ठेवला.

"हार्मेन," ते कुजबुजले, "मला जे दिसतंय ते तुलाही दिसतंय का?"

"दिसतंय, मास्तर."

"माझं दोन सेनापतींवरचं भाषण... चामखीळ... पाप..."

"आणि गर्वाची मिशी," हार्मेनने आठवण करून दिली.

"तू कुणाला बोलणार नाहीस."

हार्मेनने चौकाकडे पाहिलं. तोस खाली उभी राहून हाताची घट्ट मूठ करून त्याच्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं.

"मला काय करायचंय बोलून? मी आपला भट्टीपाशी असतो. मात्र सुपरमार्केटात ट्रॉल्या ढकलायची वेळ आली, की तिथे दिवसभर माणसं भेटतात, मास्तर. बोलणं निघतंच."

"कसलं सुपरमार्केट? यंत्राची नाकं ती! मान तुझ्याकडे होता, तुझ्याकडेच राहील. तुझ्या मुलांकडे राहील."

"मला मुलं नाहीत."

"मग तुझ्या मेहुण्याकडे राहील! आता गप्प उभा राहा."

मास्तरांनी माइकवरचा हात काढला. जणू काही घडलंच नाही असे ते ताठ उभे राहिले, आणि हार्मेनने मनातल्या मनात त्यांना टोपी काढून सलाम केला.

"ओस्टरवेअरकरांनो! ही चूक नाही. ही आहे एका विसरलेल्या क्षणाची आठवण! वेढ्याच्या शेवटच्या दिवशी आपल्या कॅप्टनचा उजवा हात जखमी झाला. तेव्हा त्याने काय केलं? तलवार टाकली? नाही! तलवार डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कमरेवर ठेवून तो तसाच लढला! हार्मेनने आणि आमच्या समितीने मिळून ही भेट आजवर गुप्त ठेवली होती."

मग कुणीतरी हुंदका दिला. आजीबाईंनी रुमाल काढला, त्यातलं मुंडकं खाली पडलं, ते उचलून त्यांनी त्याची पापी घेतली. "कॅप्टन! कॅप्टन!" असा गजर सुरू झाला. क्राइन सर्वांत मोठ्याने ओरडत होता. त्याला कॅप्टनच्या हाताचं मनापासून वाईट वाटत होतं.

"पण चावायचा कुठला?" फेम्केबाईंनी विचारलं.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "आता हाताकडे बघायचं नाही. डोळ्यांत बघा. ज्याच्या डोळ्यांत शौर्य दिसेल तो ठेवा. ज्याच्या डोळ्यांत क्रौर्य दिसेल तो चावा!"

सगळा गाव दोन्ही हातांतल्या बिस्किटांकडे निरखून बघू लागला. आणि आश्चर्य म्हणजे एकालाही अडचण आली नाही. "हा बघ, हा लबाड." "छे, लबाड हा, याच्या भुवया बघ." "मी तर पाहिल्याबरोबर ओळखला." एका नवरा-बायकोचं मात्र पटेना. नवऱ्याने दोन्ही तिच्याच हातात दिली आणि तो हेरिंगच्या रांगेत जाऊन उभा राहिला. घंटा वाजली. फेम्केबाईंनी दोन्ही चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, एकावर नजर रोखली, "हाच तो मेला!" म्हणाल्या आणि त्याचं मुंडकं असं काही तोडलं की लोकांनी उभ्याउभ्या त्यांना आपल्यात घेतलं.

घरी आल्यावर हार्मेनने बूट काढले आणि तिन्ही साचे टेबलावर ठेवले. दार लावून घेतलं, आणि काय पाहिलं ते तोसला आणि क्राइनला सांगितलं. मास्तरांना दिलेला शब्द त्याने मोडला असं कुणी म्हणू नये. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, आणि क्राइनला सांगितलेलं एरवीही आत जात नाही.

तोसने डॉनचा साचा हातात घेऊन सगळीकडून पाहिला. "म्हणजे हा पण कॅप्टनच!"

"हा पण कॅप्टनच."

"मग कोरला कुणी, ज्याला एवढीही अक्कल नव्हती?"

"आमच्या पणजोबांच्या वेळचा आहे. वडील नेहमी अभिमानाने सांगायचे, बाहेर कुणाला द्यावा लागला नाही, घरातल्या घरात झाला, फुकट."

तोसने साचा उलटा केला. मागच्या बाजूला, पिठाच्या आणि तेलाच्या थराखाली, काहीतरी कोरलेलं होतं. तिने ओल्या फडक्याने खसखसा पुसलं आणि दिव्याखाली धरून वाचलं: "लाडक्या भावोजींना, प्रेमाने."

क्राइनने खुर्ची पुढे ओढली, खिशातून पटाशी काढली आणि आपला नवा साचा पालथा केला.

"बरी आठवण झाली," तो म्हणाला. "माझं लिहायचंच राहिलं होतं."